डाव्या हाताचं रीळ

हस्ताचा पाऊस उघडला, की आमच्याकडची उन्हं पिवळी होतात. कडक असतातच, सोलापूरचं ऊन मऊ कधी असतंय? पण रंग बदलतो. एखादा ट्रॅक्टर ज्वारीच्या बियाण्याची पोती घेऊन जाताना दिसतो, भाजीवाली घटाच्या मातीचे वाटे मांडून बसते, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत बायका चादरी धुऊन सगळ्या गॅलऱ्या झाकून टाकतात. नवरात्राच्या आधी घरातलं कापड न् कापड पाण्यातून काढायचं, ही रीतच आहे. सगळीकडं साबणाचा वास. मला मात्र या दिवसांत दुसराच वास येतो, डिझेलचा आणि जुन्या ग्रीसचा. परवा चादर पिळताना तसाच आला. खाली रस्त्यावर कुणी गाडी दुरुस्त करत असेल. पण मी आपली पिळा तसाच हातात धरून उभी, आणि मन गेल्या वर्षीच्या हस्तात जाऊन बसलेलं.

आधी रिळाचं सांगते. आमच्या गावात रीळ म्हटलं की दोऱ्याचं. मागांचं गाव आहे, दोऱ्यावरच जगलं. आता पोरांच्या तोंडी रील म्हणजे मोबाइलमधलं नाचगाणं. आमच्या घरात मात्र रीळ म्हणजे मासे धरायच्या काठीला खाली लावायचं, दांडी फिरवली की दोरा गुंडाळणारं यंत्र. मुठीत मावेल एवढं. मालक, म्हणजे आमचे हे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बंद पडला की जॉबरला हाक मारायची. कुठं काय अडलं ते हे नुसत्या आवाजावरून ओळखायचे. निवृत्त झाले त्या दिवशी कामगारांनी शाल दिली, नारळ दिला आणि वर ती काठी आणि रीळ दिलं. तोवर यांनी सगळे रविवार बांबूच्या काठीवर काढलेले. ते रीळ हातात घेऊन मालक दांडी फिरवत राहिले, कान जवळ नेऊन. भाषण करायला उभं केलं तर म्हणाले, "ह्याचा आवाज लई चांगला हाय." आणि बसले खाली.

मागाच्या माणसाला सगळ्यात मागच दिसतो. रिळात दोरा ज्याच्यावर गुंडाळतो त्याला दुकानदार काहीही म्हणो, आमच्या घरात ती कांडी. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची असते ना, तशी. पुढचं बटण पिळलं की दोरा सैल सुटतो किंवा घट्ट होतो, त्याचं नाव ढील. दोरा अडवणारी तार ती कमान. एवढ्या तीन नावांवर आमचं भागतं.

रविवारी हे कुंभारीला जायचे. माझं माहेर ते. गावाच्या पलीकडं पाझर तलाव आहे. बरोबर नरसय्या. हा यांच्या कारखान्यातला विणकर, घरी तेलुगू बोलणारा, बाहेर सगळ्यांना 'बे' म्हणणारा. माशासाठी शेंगदाण्याची पेंड आणि ज्वारीचं पीठ मी मळून द्यायची. नरसय्या म्हणायचा, "वैनी, आमाला शिळी भाकर आन् माशाला ताजं पीठ?" पण मला खरं आवडायचं ते यांचं परत आल्यावरचं. मासा मिळो न मिळो, आधी रीळ. ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्या. कमानीच्या सांध्यात तेलाचा एक थेंब, तोही आगपेटीच्या काडीच्या टोकानं. मग ढिलीचं बटण पूर्ण सैल करून ठेवायचं. एकदा विचारलं, "आता घरात कोण वडतंय त्याला? सैल कशाला?" तर म्हणाले, "आत बनातीच्या, म्हंजी लोकरी कापडाच्या, चकत्या आसतात. आठवडाभर दाबून ठिवल्या तर त्येंचा जीव जातो. त्येंनी बी मोकळा श्वास घ्यावा की." माझ्या जुन्या परकराची पिशवी शिवून घेतली होती रिळाला. मला इतक्या वर्षांत यांनी कधी साडी पारखून आणली नाही, पण वस्तूला जीव लावावा कसा, ते मी यांच्याकडं बघूनच शिकले. राग कशाला येईल? ज्याला चकत्यांचा श्वास कळतो, त्याला माणसाचाही कळतो. बोलून दाखवत नाहीत एवढंच.

तर गेल्या वर्षी उन्हाळ्यात यांना झटका आला. उजवी बाजू गेली. देवाच्या दयेनं वाचा राहिली, पाय हळूहळू आला, काठी टेकत चालायला लागले. हात मात्र खांद्यातून उचलायचा तेवढा उचलायचे, पुढं बोटं मिटत नव्हती. रबराचा चेंडू दिला होता दाबायला. तो मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत बसायचे. आणि डावा हात चांगला असून वापरायचे नाहीत. पाणी सुद्धा डाव्या हातानं घ्यायचे नाहीत. "डाव्या हातानं घास घेतला आसता तर बापानं पाटावरनं उठवलं आसतं मला," म्हणायचे. डावा हात कशाचा, ते तुम्हाला सांगायला नको. मी भरवायची. भरवून घ्यायचे आणि मग दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत.

आषाढात एकदा नरसय्या भेटायला आला, तेव्हा एकदम म्हणाले, "नरश्या, ती काठी आन् रीळ घेऊन जा. तुला दिलं."

नरसय्यानं चहाचा कप खाली ठेवला. "नेतो की बे. घाई काय हाय? दसऱ्याला नेतो."

"आजच ने."

"आज स्कूटरवर जागा न्हाई," नरसय्या म्हणाला. मागची सगळी सीट रिकामी होती, मी गॅलरीतनं बघितली. खाली जाऊन स्कूटरला किक न मारता कितीतरी वेळ उभा राहिला बिचारा.

मला तेव्हाच कळलं, की हे रीळ गेलं की काहीतरी जाणार, जे चेंडू दाबून परत यायचं नाही. पण नवऱ्याला "देऊ नका" म्हणायची सोय कुठाय? जास्तच हट्टाला पेटतात. श्रावण गेला, गणपती गेले, पितरांचं झालं. घट बसायला थोडे दिवस राहिले. मी मग आपली बायकी युक्ती काढली. आपल्यात दुसऱ्याचं भांडं परत करताना रिकामं करत नाहीत, आणि कुणाला वस्तू देताना मळकी देत नाहीत. म्हटलं, "आवो, द्यायचं तर द्या की. पर घासूनपुसून द्या. लोकं मलाच नावं ठिवतील, कमळीच्या घरातनं मळकं आलं म्हणून."

"मग घास," म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं? तुमी सांगा, मी करते."

तोंड वळवलं. पण नाही म्हणाले नाहीत.

नरसय्याला फोन केला, थोडं डिझेल घेऊन ये म्हणून. पूर्वी असल्या कामाला रॉकेल असायचं, आता ते कुठं मिळतंय? तो बाटली घेऊन आला. गॅलरीत जुनी चादर अंथरली. मालक खुर्चीवर, मी आणि नरसय्या खाली. सुटे भाग एका ओळीनं ठेवायचे, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं परत बसवायचे, असं यांनी पहिल्यांदा बजावलं. मी आत जाऊन आप्पेपात्र घेऊन आले. सात खड्डे, मधोमध एक आणि भोवती सहा. ह्या खड्ड्यात पहिला स्क्रू, पुढच्यात दुसरा. आमची सून वैशाली कामावरून आली ती दारातच उभी राहिली.

"आई, काय करताय?"

"रीळ साफ करतेय."

"द्या फोन इकडं, मी डिलीट करते. किती भरलंय ते तुमच्या..." आणि मग तिचं लक्ष गेलं. "अहो आई! आप्प्याचं पात्र!"

"घासून देते गं."

"नको. आता ते रिळालाच ठेवा," म्हणाली, आणि हसत आत जाऊन सगळ्यांना चहा टाकला. गुणाची आहे.

बाजूचं झाकण उघडलं, आणि आतून तेलाची धारच लागली. चादरीवर वाटीएवढा डाग. आत बघते तर दातेरी चाकं दिसतच नव्हती. तेल आणि कापसाचं तूस मिळून काळा शिरा झालेला.

मालक वाकून बघायला लागले. "ह्ये कुणी केलं?"

नरसय्या इमारतीखालच्या लिंबाच्या झाडाकडं बघत होता.

"नरश्या?"

"तू दवाखान्यात होतास न्हवं बे? मी म्हटलं वस्तू गंजून जाईल. कारखान्यात नेऊन जरासं तेल दिलं."

"जरासं? पिंपात बुडिवलास काय बे? मासं धरायचं हाय, का टावेल विणायचाय ह्याच्यावर?"

"आन् मागाला तेल कमी पडलं की आईबहिणीवरनं शिव्या कोण घालत होता? 'तेल पाजा, तेल पाजा' कोण म्हणत होता? तूच शिकिवलास की!"

क्षणभर मला वाटलं, आता भांडण होतं. आणि मालक हसायला लागले. झटक्यानं तोंड जरा वाकडं झालं होतं, त्या वाकड्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. उन्हाळ्यापासून तो आवाज घरात नव्हता. आत वैशालीच्या हातातल्या कपबशांचा आवाज थांबला. ती पण ऐकत असणार.

मागाच्या माणसाकडूनच व्हावी अशी ती चूक. पण मला नरसय्याचं कौतुकच वाटलं. मित्र दवाखान्यात पडलेला, याच्या हातात करण्यासारखं काही नाही, मग येतं तेच केलं. तेल पाजलं. जास्त पाजलं. प्रेम काय बेतानं होतंय का कधी?

मग कामाला लागलो. डिझेलमध्ये जुना दात घासायचा ब्रश बुडवून एकेक दाता साफ केला. यांचं लक्ष घारीसारखं. "जोर लावू नको. चाक फिरीव आन् मग पुस. तुझं बोट न्हाय फिरवायचं, त्याला फिरू दे." एकेक चाक उजेडात धरलं की पितळ असं चमकायचं, की मी म्हटलं, ह्याची नथ करावी. दांडी एकच फिरते, पण तिच्यावर कमान गोल फिरते आणि कांडी पुढंमागं सरकते, म्हणजे दोरा एकाच जागी चढत नाही, सगळीकडं सारखा बसतो. ज्या कुणी हे पहिल्यांदा योजलं त्याच्या आईनं कांड्या भरलेल्या असणार, असं मला वाटून गेलं.

ढिलीच्या त्या बनातीच्या चकत्या तर तेल पिऊन भजी झाल्या होत्या. अशा चकत्या धरतच नाहीत, मासा दोरा घेऊन निघून जातो. त्या भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धुतल्या, फडक्यात दाबल्या, गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातल्या. शेजारणीनं विचारलं, "काकू, हे कसले पापड?" वाळल्यावर बोटाला लागेल न लागेल एवढं ग्रीस. प्रत्येक वेळी उचललेलं ग्रीस यांना जास्तच वाटायचं. "निम्मं कर. आनखी निम्मं कर."

जोडायला घेतलं, तेव्हा रिळाच्या दुसऱ्या बाजूला मला एक टोपी दिसली. दांडी उजवीकडं, आणि तिच्या बरोबर समोर डावीकडं नुसतीच पिळाची टोपी.

"आवो, ही कशाला हो? हिच्यात तर काईच न्हाय."

मी परत विचारलं.

"दांडी हिकडनं काढून तिकडं लावायची आसंल तर," ते म्हणाले. "डावऱ्या माणसासाठी."

यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. झटका आल्यावरही माहीत होतं. आणि तरी रीळ देऊन टाकत होते.

"मी काय डावरा हाय?" ते कुणाला उद्देशून बोलले कोण जाणे.

नरसय्या डिझेलचे हात पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "न्हाईस बे. पण रिळाला कुटं माहीत हाय?"

मी टोपी काढली. दांडी उजवीकडनं ओढली, डावीकडनं घातली, टोपी उजवीकडं पिळली. कुणी सांगितलं नाही, कुणी अडवलं नाही. रीळ यांच्या मांडीवर ठेवलं आणि आप्पेपात्र उचलून आत गेले. ओट्याशी उभी राहून नळ सोडला नाही, कान गॅलरीकडं. बराच वेळ काही नाही. मग खर्र झालं. थांबलं. परत खर्र. मग तो आवाज मऊ झाला, सलग झाला, ताकाच्या मडक्यात रवी फिरावी तसा.

नवा दोरा मी भरला. सासरी आले तेव्हा आमच्या घरातच माग होते आणि कांड्या भरायचं काम माझं. बोटांच्या चिमटीतून सूत जातं, त्या चिमटीत ताण असतो. सैल धरलं तर मागावर कांडी विसकटते, गच्च धरलं तर सूत तुटतं. तो ताण कुणी शिकवत नाही, बोटच शिकतं. इतक्या वर्षांनी दोरा ओल्या फडक्यातून चिमटीत धरला, नरसय्यानं दांडी फिरवली, आणि बोटाला सगळं आठवत होतं. मलाच नवल वाटलं. मालकांनी भरलेल्या कांडीवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवला. "बरी हाय," म्हणाले. यांच्या तोंडी 'बरी' म्हणजे काय, ते मागावरच्या माणसांना विचारा.

घट बसले. माळ चढली. घरात उपास, आता दसऱ्यापर्यंत मासळीचं नाव नाही. नरसय्या सकाळी उगवला आणि म्हणाला, "वैनी, नुसतं फेकून बघू. गळ न्हाई लावायचा. दोऱ्याला नुसतं वजन." मी देवीपुढं हात जोडले, म्हटलं बाई, नुसतं वजन आहे. आणि खुर्ची, पाण्याची बाटली, टोपली असं सगळं घेऊन, रिक्षा करून आम्ही कुंभारीला गेलो.

तलाव भरलेला. माझ्या लहानपणी आम्ही ज्या दगडांवर धुणं आपटायचो, ते सगळे पाण्याखाली. कडेच्या रानात पेरणीची पाभर चाललेली, ओल्या मातीवर बगळे. यांना पलीकडच्या बांधावर खुर्ची टाकून दिली. उजव्या काखेत काठीचं बूड दाबून धरायचं, डाव्या हातानं दांडी फिरवायची, असं जमवलं. फेकायचं मात्र डाव्याच हातानं. पहिली फेक मागच्या बाभळीत. दुसरी पुढ्यात, पायाशी. तिसरी माझ्या डोक्यावरून. नरसय्या म्हणाला, "वैनी, तुमी रिक्षात बसा. ह्याला मासा न्हाई, तुमीच घावणार." मालक शिव्या देत होते, बाभळीला, वाऱ्याला, डाव्या हाताला. मला त्या शिव्या स्तोत्रासारख्या वाटत होत्या. हरलेला माणूस शिव्या देत नाही, हो.

मग केव्हातरी एक फेक सरळ गेली. लांब. पाण्यावर टुप्प वाजलं आणि वर्तुळं पसरत आमच्यापर्यंत आली. मालक दांडी हळूहळू फिरवत होते, आणि मधेच काठी वाकली.

"अडकलं वाटतं झुडपाला," मी म्हणाले.

झुडूप चालायला लागलं. ढिलीतून दोरा सुटायला लागला, कर्र करून, थांबून, परत कर्र. मी नरसय्याकडं बघितलं. तो परत झाडाकडं बघत होता.

"गळ लावलास तू?"

"बारका हाय वैनी, एकदम बारका, पिठाची गोळी बी बारकीच..."

"घट बसल्येत घरात!"

"गप बसा दोघं बी," मालक ओरडले.

मासा उजवीकडं पळाला, काठी काखेतून सटकायला लागली. नरसय्या धावला, हात पुढं केला. "आण हिकडं, मी धरतो."

"हात लावू नको."

"आरं पडंल बे..."

"नरश्या, हात लावू नको म्हनलं न्हवं!"

नरसय्यानं हात मागं घेतला, आणि मग काय केलं असेल? यांच्या खुर्चीच्या मागं उभा राहून खुर्चीच धरली, घट्ट. मालकांनी खांदा दाबला, उजवा हात काठीखाली कसाबसा सारला, नुसता ओंडक्यासारखा, पण सारला. मासा ओढेल तेव्हा ओढू द्यायचे, थांबला की डावा हात फिरायचा. घाई नाही, जबरदस्ती नाही. कारखान्यात अडलेल्या मागाशी कसे बोलत असतील, ते मी त्या दिवशी बघितलं. तळहाताएवढी तांबूस शेपूट पाण्याबाहेर आली, मग पाठ. रोहू. चांगला हातभर.

मी साडी खोचून पाण्यात उतरले, टोपलीनं त्याला कडेला घेतलं. मालक चालायची काठी टेकत खाली आले, चिखलात गुडघा टेकला. नरसय्या म्हणाला, "वैनी, तुमच्या घरात घट हायत. माझ्या घरी चालतंय."

मालकांनी डाव्या हातानं गळ सोडवला. मासा पाण्यातच होता, कल्ले उघडझाप करत. त्याच्या पोटाखाली तो हात धरून ठेवला, त्याला दम येईस्तोवर. मग बोटं उघडली.

"आरं! सोडलास?" नरसय्या जवळजवळ रडायलाच आला. "मला द्यायचा की बे!"

मालक वर येऊन खुर्चीत बसले. माझ्याकडनं पाण्याची बाटली घेतली, डाव्या हातानं, आणि रिळावर थोडं थोडं पाणी सोडून चिखल धुवायला लागले. गुडघा भिजलेला, श्वास लागलेला, कान लाल. नरसय्या थोडा वेळ रुसून उभा राहिला. मग समोर येऊन दोन्ही हात पुढं पसरले. "बरं, मासा न्हाई तर न्हाई. रीळ तरी दे. मला दिलं म्हणला हुतास. कधी नेऊ?"

मालकांनी फडकं मागितलं. कमान पुसली, ढिलीचं बटण सैल केलं, रीळ कानाशी नेऊन दांडी एकदा फिरवून बघितली.

"मी मेल्यावर ये," म्हणाले.

एरवी असलं अभद्र घरात कुणी बोललं, तर मी लगेच त्याला देवापुढं नाक घासायला लावते. आणि दिवस तर नवरात्राचे. पण त्या दिवशी मी पाण्यात उभी होते तशीच, हातात रिकामी टोपली, आणि नरसय्याच्या आधी मीच हसायला लागले.